सायलेन्सरचा बोल्ट हेडमध्येच तुटला, आता काय करायचं?

भाऊ, आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडतो. तुम्ही वणीकडच्या गावात राहता. 100 सीसीची जुनी गाडी आहे. सायलेन्सरच्या बेंडजवळून फटफट आवाज येत होता, म्हणून गॅस्केट बदलायला घरीच बसलात. दोनपैकी एक बोल्ट पिळता पिळता तुटला आणि त्याचा तुकडा हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, राहिला. दुसऱ्याला अजून हात लावलेला नाही. घरी ड्रिल मशीन आहे. गावातला मिस्त्री म्हणतो हेडच बदला, आणि तुम्हाला वाटतं ईझी आउटचा (तुटक्या बोल्टमध्ये भोक पाडून, त्यात उलटं पिळत घालायच्या निमुळत्या हत्याराचा) सेट मागवून स्वतःच काढावा. पेरणी तोंडावर आली आहे, वावरात जायला गाडी पाहिजे.

हिंगणघाटला माझं गॅरेज आहे आणि हे काम दर पावसाळ्याच्या आधी-नंतर माझ्याकडे येतंच. हेड बदलायची वेळ तुमच्यावर अजून आलेली नाही. ईझी आउटही आत्ताच मागवू नका. तुकडा कसा काढायचा, एवढाच विचार तुमच्या डोक्यात आहे, पण तो तुकडा तर भंगारच आहे, त्याचं काहीही झालं तरी चालेल. जपायचे आहेत ते हेडमधले आटे, म्हणजे बोल्ट ज्यात फिरून बसतो ते पेच. हेड ॲल्युमिनियमचं आहे, बोल्ट पोलादाचा आहे. हातातलं ड्रिल जरा घसरलं की ते पोलाद सोडून मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरतं. म्हणून माझा क्रम एकाच गोष्टीवर ठरतो: ज्या उपायानंतर मागे येता येतं तो आधी, ज्यानंतर येता येत नाही तो शेवटी. तेल, ठोकणं, तापवणं यांनी काही बिघडत नाही. वेल्डिंगनं सहसा बिघडत नाही. ड्रिलिंगनंतर मात्र परतीचा रस्ता नाही.

आता ईझी आउटबद्दल, कारण सगळ्यात जास्त हेड मी त्याच्यामुळे बिघडलेले पाहतो. तुमच्या गाडीचा तो बोल्ट बहुतेक 6 मिमीचा असेल, 10 नंबरच्या पान्याचा. मोजून घ्या, काही गाड्यांना 8 मिमीचा असतो. हा अख्खा 6 मिमीचा बोल्ट तुम्ही पिळला, तो तुटला पण आतला भाग फिरला नाही. त्याच तुकड्यात भोक पाडून जो ईझी आउट बसतो तो जेमतेम 3 मिमीचा. व्यास निम्मा झाला की पीळ सोसायची ताकद निम्मी होत नाही, आठव्या हिश्शावर येते. ईझी आउटचं पोलाद बोल्टपेक्षा कडक असतं हे खरं, पण कडक म्हणजेच ठिसूळ. शिवाय तो निमुळता असतो. जितका आत जातो तितका तुकड्याला आतून फुगवतो आणि आट्यांत आणखी घट्ट बसवतो. तो आत तुटला की साधा एचएसएस (हाय स्पीड स्टीलचा) बिट त्याच्यावर नुसता घसरतो. मग कार्बाइडचा बिट लागतो किंवा विजेच्या ठिणगीनं धातू झिजवणारं स्पार्क मशीन. त्यासाठी तुम्हाला नागपूरला हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीकडे हेड घेऊन जावं लागेल. ईझी आउटला जागा आहे, पण जो तुकडा जाम नाही त्यालाच.

जाम आहे की नाही हे बोल्टचा तुटलेला भाग सांगतो. डोक्याकडचा जो तुकडा तुमच्या हातात आला तो फेकला नसेल तर उन्हात धरून बघा. तोंड सगळीकडे सारखं राखाडी, ताजं आणि पिळल्यासारखं दिसत असेल तर तो जाम होता म्हणून पिळून तुटला. तोंडाचा काही भाग काळा-तांबूस आणि बाकीचा चकचकीत असेल तर तिथे आधीपासूनच चीर होती, कदाचित बोल्ट ढिला राहून थरथरीनं पडलेली. अशा वेळी आतला तुकडा पुष्कळदा मोकळाच असतो. टोकदार सुई किंवा बारीक छिन्नीचं टोक त्याच्या कडेला टेकवून, हलक्या हातोडीनं उलट्या दिशेनं टिचक्या मारा. एवढ्यावरच निघून आलेले तुकडे मी बरेच पाहिले आहेत.

आपल्या भागात मात्र जाम होण्याचीच शक्यता जास्त, आणि त्याचं कारण समोर आहे. सायलेन्सरचं तोंड हेडच्या पुढच्या बाजूला, बरोबर पुढच्या चाकामागे. पांदण रस्त्यानं गाडी गेली की चाकाचा काळा चिखल तिथेच फेकला जातो. काळी माती ओल धरून ठेवते, इंजिनच्या उष्णतेनं वाळून घट्ट बसते, पुन्हा ओली होते. त्यात गाडीवर युरियाची बॅग वाहिली जाते, फवारणीचा पंप सांडतो, आणि युरिया हवेतलं पाणी ओढून घेतो. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना चिकटलेले असले आणि मध्ये खारट ओल आली की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरते आणि ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. वरून लाल गंज दिसतो, पण बोल्टला धरून ठेवते ती बहुतेक ही पांढरी भुकटी. पेट्रोल टाकून काही होत नाही ते यामुळेच.

सुरुवात अशी करा. बेंड पाइप काढता आला तर बाजूला करा. नसेल येत तर दुसरा बोल्ट आत्ता छेडू नका, त्याच्याबद्दल पुढे सांगतो. तारेच्या ब्रशनं तुकड्याभोवतीची जागा स्वच्छ करा. पेनिट्रेटिंग ऑइल म्हणून मिळणारा स्प्रे मारा, तो नसेल तर डिझेल चालेल, पण वेळ जास्त लागेल. रात्रभर भिजू द्या. सकाळी बोथट सुंबा (पंच) तुकड्याच्या मधोमध ठेवून हातोडीचे लहान, सरळ ठोके द्या. जोर नको, संख्या पाहिजे. त्या थरथरीनं भुकटीला बारीक तडे जातात आणि तेल आत उतरतं. पुन्हा तेल, पुन्हा ठोके. दोन दिवस हे करत राहिलात तरी तुमचं काहीही जात नाही. मात्र भोक आत बंद असेल तर तेल फक्त वरूनच जाणार, तेव्हा नुसत्या तेलावर फार आशा ठेवू नका.

यापुढचं सगळं तुकडा किती बाहेर आहे यावर अवलंबून आहे, आणि तुम्ही नेमकं तेच सांगितलेलं नाही. म्हणून तिन्ही शक्यता घेतो.

चार-पाच मिलिमीटर बाहेर असेल तर तुम्ही नशीबवान. व्हाइस ग्रिपनं (लॉक होणाऱ्या पकडीनं) घट्ट धरा. पकड घसरत असेल तर कानशीनं दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करा. पण आधी हेड तापवा, बोल्ट नाही. ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण दुप्पट फुगतं. 130 अंशांनी तापवलं तर 6 मिमीचं भोक बोल्टपेक्षा मिलिमीटरच्या जवळपास शंभराव्या भागाएवढं जास्त मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण भुकटीची पकड मोडायला तेवढं पुरतं. चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात गाडी दिवसभर उभी केली तरी इतका फरक पडत नाही, त्याला गॅसची टॉर्चच लागते. ज्योत भोकाभोवती फिरवत राहा, एका जागी धरू नका. पाण्याचा थेंब टाकल्यावर तडतडून उडाला की पुरे. पोलाद तापलं की लाल होतं, हेडचं ॲल्युमिनियम रंग न बदलताच 660 अंशांच्या आधीच वितळायला लागतं, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका.

तापलेल्या हेडवर स्प्रे मारू नका, पेट घेतो. त्याऐवजी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. मग तुकडा आधी किंचित आवळायच्या दिशेनं, मग सोडायच्या दिशेनं, असा पुढे-मागे हलवा. हलला की थांबा, तेल द्या, परत हलवा. एका दमात पिळलात तर उरलेलाही तुटेल.

आणि टॉर्च पेटवायच्या आधी पेट्रोलची टाकी गाडीवरून काढून लांब ठेवा, कार्बोरेटर रिकामा करा. गोठ्याजवळ, कुटाराजवळ, कापसाजवळ हे काम करू नका. शेजारी वाळू किंवा मातीची बादली ठेवा. हे मी सवयीनं सांगत नाही, खेड्यात गाडी दुरुस्तीची जागा बहुतेक घराच्या पडवीत असते आणि पडवीत काय काय भरलेलं असतं हे आपल्याला ठाऊक आहे.

दुसरी शक्यता, तुकडा हेडच्या बरोबरीनं किंवा एक-दीड मिलिमीटर आत. इथे माझा पहिला उपाय वेल्डिंग, आणि तुमच्याकडे ड्रिल मशीन असूनही मी हेच सुचवेन. तुकड्यावर 8 मिमीचा नट ठेवायचा, 6 चा नाही, म्हणजे रॉड आत जायला जागा मिळते. नटावरचा चकचकीत मुलामा कानशीनं काढून टाकायचा, त्याचा धूर वाईट आणि वेल्डही धरत नाही. नटाच्या भोकातून वेल्डरनं तुकड्यावर धातू भरत वर यायचं. पोलादाचं वेल्ड ॲल्युमिनियमला सहजी चिकटत नाही, ही इथे आपल्या फायद्याची गोष्ट. फायदा नुसता पकड मिळण्याचा नाही. वेल्डच्या उष्णतेनं तुकडा लाल होऊन फुगतो आणि भोवतीच्या भुकटीला चिरडतो, थंड होताना आकसतो. म्हणून वेल्ड झाल्यावर लगेच पाना लावायचा नाही. हात जेमतेम लावता येईल इतकं थंड होऊ द्या, मग 13 नंबरचा पाना लावून पुढे-मागे करा. नट उखडून आला तर निराश होऊ नका, पुन्हा लावा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बहुधा सुटतो, कारण प्रत्येक वेळी आतली पकड कमी झालेली असते.

गेट-ग्रिलचं काम करणारा गावातला वेल्डर हे करू शकतो, पण त्याला जाडा रॉड वापरू देऊ नका, 2.5 मिमीचा सांगा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्यांकडे सीओटू वेल्डिंग असतं, ते मिळालं तर फार उत्तम, लहान जागेत नेम धरता येतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. गाडी 2020 नंतरची बीएस-6 असती तर ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) सॉकेटही काढा म्हटलं असतं, तुमच्या जुन्या गाडीला तो प्रश्न नाही. अर्थिंगचा चिमटा हेडलाच, तुकड्याच्या जवळ लावायला सांगा. चेसिसला लावला तर करंट इंजिनच्या बेअरिंगमधून फिरून जाऊ शकतो.

तिसरी शक्यता, तुकडा खोल आत आहे, किंवा वेल्डिंगला दाद देत नाही. मग ड्रिल. इथे सगळा खेळ मध्य सापडण्याचा आहे. 6 मिमीच्या बोल्टचे आटे एक मिलिमीटर पिचचे, म्हणजे एकमेकांपासून एक मिलिमीटरवर, असतात आणि त्यासाठी पाडायचं भोक 5 मिमीचं. म्हणजे तुम्ही अगदी मध्यातून 4.5 मिमीपर्यंत गेलात तरी आट्यांच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंना फक्त पाव मिलिमीटर उरतो. तुटलेलं तोंड सपाट नसतं, तिरकं असतं, आणि हातात धरलेलं ड्रिल उतारावरून सरकतं. फक्त सुंब्यानं खूण करून हे जमेल असं मी तुम्हाला सांगणार नाही.

त्यावर सोपा तोडगा आहे. तुकड्याच्या वर भोकात दोन-चार आटे मोकळे असतील तर त्याच मापाचा एक चांगला बोल्ट घ्या आणि लेथवाल्याकडून त्याच्या बरोबर मधून आरपार 3 मिमीचं भोक पाडून घ्या. तो बोल्ट भोकात हातानं बसवा. आता ड्रिलला जायला एकच वाट उरते, आणि ती मधोमध आहे. लेथवाल्याला हे काही मिनिटांचं काम. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलात की होऊन जातं. वरचे आटे नसतील तर बेंड पाइपच्या फ्लँजच्या (बोल्ट बसतात त्या पट्टीच्या) भोकात बसेल असा बुश, म्हणजे मध्ये भोक असलेली छोटी नळी, करून घ्या आणि फ्लँज दुसऱ्या बोल्टवर बसवून तोच गाइड म्हणून वापरा.

ड्रिल करायच्या आधी किक मारून पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील. सायलेन्सरच्या तोंडात ग्रीस लावलेलं फडकं कोंबा. लोखंडाचा कीस व्हॉल्व्हच्या सीटवर गेला तर बोल्टचं काम सोडून हेड उघडावं लागेल. 3 मिमीनं सुरुवात करा, तेल टाकत राहा, दर काही सेकंदांनी बिट बाहेर काढून कीस साफ करा. कीस निघत असेल तर दाब बरोबर आहे. नुसता घासल्याचा आवाज येत असेल तर थांबा, बिट बोथट झाला आहे, आणखी घासलात तर तो पोलाद तापवून कडक करून ठेवेल. मग 4, मग 4.5. उलट्या दिशेनं कापणारे बिट ऑनलाइन मिळतात. त्यांचा एक छोटा सेट घेतलात तर माझ्या मते ईझी आउटपेक्षा पैसे सार्थकी लागतील. ड्रिल उलटं फिरवत भोक पाडताना उष्णता आणि ओढ दोन्ही सोडायच्या दिशेनंच काम करतात, आणि तुकडा अर्ध्यातच स्वतः फिरून वर येतो असं पुष्कळदा होतं.

4.5 नंतर तुकड्याची नुसती पातळ नळी उरते. ती सुंब्यानं आतल्या बाजूला चेपून चिमट्यानं ओढली की आट्यांतून स्प्रिंगसारखी निघते. मग 6 गुणिले 1 चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हातानं घाला: अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, भरपूर तेल.

घरी ड्रिल स्टँड नसेल, हात थरथरत असेल, किंवा व्होल्टेज इतकं कमी की मशीन रडत चालतं, तर हेड उतरवून लेथवाल्याकडे न्या. त्याच्या मशीनवर हेड पक्कं बांधून भोक सरळ पडतं. पण टायमिंगच्या खुणा जुळवून चेन परत बसवता येत असेल तरच हेड स्वतः उतरवा, नाहीतर तेवढं काम मिस्त्रीला द्या. तो हेड बदला म्हणाला म्हणून त्याला टाळू नका. त्याला ग्राहकाचा वेळ वाचवायचा असतो आणि नवं हेड बसवलं की तक्रार राहत नाही. तुम्ही त्याला फक्त उतरवून द्या म्हणा.

आटे गेलेच तरी हेड जात नाही. आपल्याकडे सरसकट भोक मोठं करून 8 चा टॅप मारतात. तेही चालतं, पण हेडची भिंत त्या जागी फार जाड नसते आणि पुढच्या वेळी बिघडलं तर उरतं काय? मी आट्यांची कॉइल बसवतो, हेलिकॉइल म्हणून मिळते. मूळ मापाचा बोल्टच राहतो आणि आटे स्टीलचे होतात, ते ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा जास्त टिकतात. हेड खरंच बदलावं लागतं ते भोकाची भिंत फुटली किंवा चीर सायलेन्सरच्या तोंडापर्यंत गेली तर.

तुकडा तुरटीच्या पाण्यानं विरघळवता येईल का, हेही तुम्ही विचारलं आहे. गरम, दाट तुरटीच्या पाण्यात पोलाद हळूहळू विरघळतं आणि ॲल्युमिनियम बरंचसं टिकतं, हे खरं आहे. कार्बोरेटरच्या सुट्या भागात तुटलेल्या बारीक स्क्रूसाठी तो चांगला उपाय आहे, काचेच्या भांड्यात ठेवून. हेडसाठी नाही, कारण हेडमध्ये व्हॉल्व्ह, सीट आणि गाइडही आहेत आणि तुरटी त्यांनाही सोडणार नाही. कॉस्टिक सोडा तर जवळही आणू नका, तो उलट ॲल्युमिनियमच खातो.

दरम्यान एका बोल्टवर गाडी चालवायची का? तालुक्यापर्यंत हळू नेण्यापुरती, हो. रोज वावरात नेण्यासाठी, नाही. बेंड एका बाजूनं उघडा राहतो, गरम वायू गॅस्केट जाळतो, आणि सगळी थरथर त्या एकट्या बोल्टवर येते. मग तोही तुटतो.

त्या दुसऱ्या बोल्टसाठी तुम्हाला एक सोय आहे जी पहिल्याला नव्हती: इंजिन चालू करता येतं. आज तेल मारून ठेवा. उद्या त्यावरचं तेल पुसून गाडी दहा मिनिटं चालवा, बंद करा, आणि हेड गरम असतानाच बॉक्स पान्यानं, तोही सहा कोनांचा, आधी आवळायच्या दिशेनं हलका झटका द्या. कट्ट आवाज येऊन तो हलला तर मग सोडा. बोल्ट रबरासारखा पिळला जातोय असं हाताला जाणवलं तर तिथेच थांबा, तो तुटायच्या बेतात आहे. टॉर्चनं तापवा आणि परत करा.

बसवताना दोन्ही बोल्ट नवे घ्या, गॅस्केट नवी घ्या, आट्यांना कॉपर ग्रीस लावा. ती नसेल तर साधं ग्रीस लावू नका, तिथल्या उष्णतेनं ते जळून कोळसा होतं. 6 मिमीचा बोल्ट साधारण 10 न्यूटन-मीटरला आवळतात. 10 सेंटिमीटरवर पाना धरला तर हातावर 10 किलोचा जोर, आणि आट्यांना ग्रीस असेल तर त्याहून थोडा कमीच. दोन्ही बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा, म्हणजे फ्लँज तिरका बसणार नाही. चार-पाच दिवस चालवल्यावर, सकाळी इंजिन थंड असताना, पुन्हा एकदा तपासा. नवी गॅस्केट दबते आणि बोल्ट जरासे ढिले पडतात.

तुकडा हेडच्या तोंडापासून किती आत किंवा बाहेर आहे ते मोजून आणि तुटलेल्या तोंडाचा रंग कसा आहे ते बघून कळवा. त्यावरून वेल्डर आधी गाठायचा की लेथवाला, ते नक्की सांगता येईल.